बियांतील तेलाची टक्केवारी पाहून बायोडिझेलसाठी वनस्पती निवडावी का?

प्रश्न:
सोयाबीनच्या दाण्यात जेमतेम २० टक्के तेल असते, मोहरीत ४० च्या आसपास आणि मोगली एरंडात (जट्रोफा) ३० ते ३५ टक्के. असे असूनही बायोडिझेलसाठी सोयाबीन इतके का वापरले जाते? शिवाय १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते, तर मग गाळलेले तेल थेट टाकीत ओतण्यात अडचण कोणती?

प्रतिसाद १:
टक्केवारीपेक्षा हेक्टरी उतारा पाहावा. तेलताडापासून (पामतेल देणारे झाड) हेक्टरी तीन-चार टन तेल मिळते, सोयाबीनपासून अर्धा टन मिळतानाही मारामार. पण सोयाबीन मुळात पेंडीसाठी पिकवले जाते आणि तेल त्यासोबत येतेच. तेलताडासाठी जंगल तोडले असेल, तर तो हिशेब पुन्हा निराळा.

प्रक्रिया न केलेले वनस्पती तेल डिझेलच्या साधारण दहापट दाट असते, त्यामुळे नोझलमधून बारीक फवारा उडत नाही आणि कार्बन साचतो. म्हणून १०० किलो तेलात सुमारे २२ किलो मिथेनॉल (एक प्रकारचे अल्कोहोल) आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून ते ६० अंशांच्या आसपास ढवळतात. मग भांडे स्थिर ठेवले की तपकिरी ग्लिसरीन तळाशी बसते आणि पिवळसर बायोडिझेल वर राहते.

प्रतिसाद २:
हे ताज्या, शुद्ध तेलाबाबत खरे आहे. मी एकदा करंजाचे जुने तेल तसेच वापरले, तेव्हा थर वेगळे होण्याऐवजी भांडेभर लापशीसारखा साबण तयार झाला, कारण त्यात मुक्त स्निग्धाम्ले (तेलाच्या रेणूतून सुटी झालेली आम्ले) फार होती. अशा तेलावर आधी सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनॉलची प्रक्रिया करावी लागते, मगच कॉस्टिक.

मोगली एरंडाबद्दल म्हणाल, तर तो पडीक जमिनीत तग धरतो हे खरे, पण पाणी आणि खत नसेल तर बिया फारशा धरत नाही. त्याची पेंड विषारी असल्याने जनावरांना घालता येत नाही, म्हणजे सोयाबीनला असलेला आधार इथे नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. तेल कोणत्या वनस्पतीचे आहे, याने तयार इंधनातही फरक पडतो का?

प्रतिसाद १:
पडतो, आणि थंडीत तो डोळ्यांना दिसतो. पामतेलात संपृक्त स्निग्धाम्ले अधिक असल्याने त्याचे बायोडिझेल १५ अंशांच्या आसपासच गढूळ होऊ लागते, तर मोहरीवर्गातील रेपसीडचे शून्याखालीही काही अंश स्वच्छ राहते. मात्र सोयाबीनसारख्या असंपृक्त तेलाचे बायोडिझेल हवेच्या संपर्कात लवकर खराब होते, त्यामुळे ते महिनोन्‌महिने साठवून ठेवू नये.