मदत हवी आहे : सोसायटीत लावलेली देशी रोपं पहिल्याच उन्हाळ्यात वाळताहेत

नमस्कार. इमारतीच्या पश्चिम बाजूला कुंपणालगत ४० फूट लांब, ६ फूट रुंद पट्टा आहे. मागच्या वर्षी जूनमध्ये तिथे बहावा, आपटा, पळस, सीता अशोक आणि करवंद मिळून २२ रोपं लावली. खड्डे दीड फुटाचे, त्यात निम्मी माती आणि निम्मं शेणखत. रोज संध्याकाळी पाइपने थोडं पाणी देतो. हिवाळ्यापर्यंत सगळी टवटवीत होती, आता एप्रिलमध्ये नऊ वाळली आहेत. सीता अशोकाच्या पानांच्या कडा करपल्यात, पळस निष्पर्ण उभा आहे. पावसाळ्यात बहाव्याची पानं हिरव्या अळ्यांनी खाल्ली होती, म्हणून यंदा फवारणी करावी असं काहींचं म्हणणं आहे. जूनमध्ये नवीन रोपं आणण्याआधी चूक कळायला हवी.

प्रतिसाद १
नवीन रोपं आणण्याआधी वाळलेलं एक रोप मातीसकट काढा आणि मुळं बादलीत धुवा. मुळं पिशवीच्याच आकारात वेटोळं घालून बसली असतील तर ती बाहेरच्या मातीत गेलेलीच नाहीत. सुरुवातीला पानं कमी असतात, त्यामुळे पिशवीतल्या तेवढ्या मातीच्या गोळ्यावर रोप तगतं. पानोरा वाढला की उन्हाळ्यात ते पाणी पुरत नाही.
मुळांचा वासही घ्या. आंबूस वास, तपकिरी साल बोटाने ओढताच निघून येते, तर मुळं कुजली आहेत. कडक, कोरडी आणि कटकन मोडणारी असतील तर तहानेने गेलं.
शिवाय एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी तासाला किती सेंमी उतरतं ते मोजा.

धागाकर्ता
दोन रोपं काढली. मुळं हुबेहूब पिशवीसारखी, तळाशी वेटोळं. एकाच्या मुळांना आंबूस वास आहे. फूटभर खाली विटांचे आणि सिमेंटचे तुकडे लागले. चार तासांत पाणी ३ सेंमी उतरलं.

प्रतिसाद १
म्हणजे दोन्ही झालंय. निचरा जवळजवळ बंद, त्यामुळे तुमचा खड्डा म्हणजे घमेलं झालं आहे : रोजचं पाणी तळाशी साचतं, वरचे चार बोटं मात्र दुपारपर्यंत सुकतात. पहारीने राडारोड्याचा थर फोडा, तुकडे उचलून टाका. थर फुटण्यासारखा नसेल तर फूटभर उंच, तीन फूट रुंद वरंब्यावर लावा.
खड्डा पिशवीइतकाच खोल, पण तिप्पट रुंद हवा. कुदळीने गुळगुळीत झालेल्या भिंती खरवडा. निघालेलीच माती परत भरा, शेणखत फार तर पाचवा हिस्सा. निम्मं शेणखत कुजून बसतं, रोप खाली जातं आणि खोडाचा बुंधा मातीत गाडला जातो. लावताना गोळ्याच्या तळाचे २-३ सेंमी कापून टाका, बाजूंना तीन उभे छेद द्या. हे काम ढगाळ दिवशीच करा.

प्रतिसाद २
पळस उपटू नका! उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळणं हा त्याचा स्वभाव आहे. नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं असेल तर जिवंत आहे.
सीता अशोक मात्र तिथे नकोच. तो ओलसर, सावलीच्या रानातला. पश्चिमेच्या उन्हात कडा करपणारच. जगलेली रोपं पावसाळ्यात इमारतीच्या पूर्वेला हलवा.
अळ्या बहुतेक कॉमन एमिग्रंट फुलपाखराच्या आहेत. त्यांना बहाव्यासारख्या झाडांची कोवळी पानं लागतात. रोप धरलेलं असलं की पुन्हा पालवी येते. फवारणीने त्या अळ्यांवर जगणारे पक्षीही उपाशी राहतील, म्हणून फवारणीला माझा ठाम विरोध आहे.
आणि २२ हा आकडा त्या पट्ट्याला झेपणार नाही. चार मोठी झाडं पुरेत, दोघांमध्ये १०-१२ फूट अंतर. मधल्या जागेत धायटी, निर्गुडी, अडुळसा, करवंद. धायटीच्या लाल फुलांवर शिंजीर पक्षी येतात.

धागाकर्ता
पाणी मग किती द्यायचं?

प्रतिसाद १
मातीत काठी खुपसून पाहा. वीतभर खाली ओल असेल तर देऊ नका. उन्हाळ्यात साधारण ८-१० दिवसांनी रोपाला १५-२० लिटर, आळं खोडापासून फूटभर लांब. त्यावर ७-८ सेंमी पालापाचोळा, पण खोडाला चिकटू देऊ नका. दोन-तीन दमदार पाऊस होऊन फूटभर ओल गेली की मगच लागवड करा. पहिल्या सरीवर घाई केली तर मधल्या उघडिपीत ताजी कापलेली मुळं सुकतात.