चुंबकत्व अतिवाहकतेला मारते की जन्म देते?

शिक्षिका_ठाणे (प्रश्न)

नमस्कार. मी ठाणे पश्चिमेतील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. गेल्या महिन्यात विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील एका पुरवठादाराकडून द्रवरूप नायट्रोजन आणला, यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड या अतिवाहकाची (पुरेसे थंड केल्यावर विजेला अजिबात रोध न करणाऱ्या पदार्थाची) एक वडी ७७ केल्विनपर्यंत थंड केली आणि तिच्यावर अधांतरी राहिलेले निओडिमियमचे छोटे चुंबक विद्यार्थ्यांना दाखवले. प्रयोग उत्तम झाला. मात्र त्यानंतर बारावीच्या एका विद्यार्थिनीने जे विचारले त्याचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

अतिवाहक चुंबकीय क्षेत्राला आपल्या अंतरंगातून बाहेर काढतो, हे माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी १९३३ साली दाखवले आणि क्षेत्र एका मर्यादेपलीकडे वाढवल्यास अतिवाहकता नष्ट होते, असे मी वर्गात सांगितले होते. शिशासाठी ही मर्यादा टेस्लाच्या एक-दशांशाहूनही कमी आहे. लोखंड, कोबाल्ट आणि निकेल नेहमीच्या दाबाखाली अतिवाहक होत नाहीत, हेही मीच सांगितले होते. त्यानंतर या मुलीने कुठेतरी वाचले की २००८ साली जपानमध्ये सापडलेल्या अतिवाहकांच्या कुळात लोखंडच मध्यवर्ती आहे आणि आम्ही प्रयोगात वापरलेल्या वडीसारख्या क्युप्रेटमधील (तांबे आणि ऑक्सिजन असलेल्या अतिवाहकांमधील) अतिवाहकतेचे मूळ चुंबकत्वात असावे, असे अनेक संशोधक मानतात. तिने विचारले, “मॅडम, मग चुंबकत्व अतिवाहकतेचे वैरी आहे की तिची आई?”

साध्या अतिवाहकतेचे स्पष्टीकरण देणाऱ्या बार्डीन-कूपर-श्रीफर यांच्या बीसीएस सिद्धांतापर्यंत (१९५७) माझे वाचन आहे. त्यापुढे मी चाचपडते आहे. पदवीच्या पातळीचे, पण सोपे करताना चुकीचे होणार नाही असे उत्तर कोणी देऊ शकेल का?

शीतप्रयोग_ऐरोली

ताई, हा प्रश्न सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ गिन्झबर्ग यांनी १९५६-५७ च्या सुमारास जवळजवळ याच रूपात मांडला होता, तेव्हा आपल्या विद्यार्थिनीने तो स्वतःहून गाठला याचे मला मनापासून कौतुक वाटते.

उत्तराची सुरुवात कूपर जोडीपासून, म्हणजे अतिवाहकात एकत्र बांधल्या गेलेल्या दोन इलेक्ट्रॉनांच्या जोडीपासून करावी. साध्या अतिवाहकात जोडीतील दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन (स्पिनामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉन जणू एक छोटे चुंबक असतो) परस्परविरुद्ध असतात. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले की ते या जोडीवर दोन प्रकारे आघात करते. एक तर ते इलेक्ट्रॉनांच्या गतीला वळण देते, त्यातून अतिवाहकात चुंबकीय क्षेत्राचे बारीक भोवरे शिरतात आणि त्यांची गर्दी पुरेशी झाली की अतिवाहकता संपते. दुसरे म्हणजे ते दोन्ही स्पिनांना एकाच दिशेला ओढू लागते, जे या जोडीच्या रचनेच्या मुळावरच येते. या दुसऱ्या आघाताची मर्यादा क्लॉगस्टन आणि चंद्रशेखर यांनी १९६२ साली स्वतंत्रपणे मांडली: क्रांतिक तापमान (ज्याच्या खाली पदार्थ अतिवाहक होतो ते) केल्विनमध्ये घेऊन त्याला १.८६ ने गुणले की सहन होणारे क्षेत्र साधारणपणे टेस्लामध्ये मिळते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण तो मोडणारे पदार्थच आज सर्वाधिक कुतूहलाचे आहेत.

चुंबक पदार्थाच्या आतच असेल तर परिस्थिती आणखी बिघडते. लँथॅनममध्ये गॅडोलिनियमचे अवघे १ टक्का अणू मिसळले की त्याची अतिवाहकता जवळजवळ नाहीशी होते, हे मॅथियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली दाखवले. तितक्याच प्रमाणात अचुंबकीय अशुद्धी मिसळली तर फारसे बिघडत नाही. चुंबकीय अणू जोडीतील एका इलेक्ट्रॉनाचा स्पिन उलटवतो आणि जोडी तुटते. अब्रिकोसोव्ह आणि गोरकोव्ह यांनी यावर पुढे नेमका सिद्धांत दिला. म्हणजे “वैरी” हे उत्तर खोटे नाही. १९७७ मध्ये एर्बियम-रोडियम-बोरॉनच्या एका संयुगात तर हे वैर एकाच नमुन्यात दिसले: ८.७ केल्विनला पदार्थ अतिवाहक होतो आणि आणखी थंड करत ०.९ केल्विनच्या खाली गेले की एर्बियमचे लोहचुंबकत्व जागे होऊन अतिवाहकता पुन्हा नाहीशी होते.

आता उलट बाजू, आणि ती आपल्या मुंबईतूनच पुढे आली याचा मला अभिमान आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गटाने १९९४ साली यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणात सुमारे १२ केल्विनला अतिवाहकता असल्याचे जाहीर केले. याच बोरोकार्बाइड कुळात यिट्रियमच्या जागी एर्बियम घातले तर पदार्थ सुमारे ११ केल्विनला अतिवाहक होतो, ६ केल्विनला त्यातील एर्बियमचे चुंबकीय आघूर्ण (अणूंची छोटी चुंबके) प्रतिलोहचुंबकीय, म्हणजे एक वर तर दुसरा खाली अशा मांडणीत रचले जातात आणि तरीही अतिवाहकता टिकून राहते. याचे कारण मोजमापाच्या पट्टीत आहे. कूपर जोडी येथे साधारण शंभर अँगस्ट्रॉम पसरलेली असते. तेवढ्या विस्तारात वर आणि खाली तोंड केलेले आघूर्ण एकमेकांचा प्रभाव फेडून टाकतात, त्यामुळे जोडीला सरासरीने कोणतेच ओढणारे क्षेत्र जाणवत नाही. लोहचुंबकात सर्वांची तोंडे एकाच दिशेला असल्यामुळे ही सवलत मिळत नाही.

न्यूट्रॉन_नेरुळ

वरील प्रतिसादाने सहअस्तित्व समजते, पण “आई” हा भाग अजून राहिला आहे. माझी नोकरी न्यूट्रॉन विकिरणात, म्हणजे पदार्थावर सोडलेले न्यूट्रॉन कसे विखुरतात हे पाहण्यात गेली, आता निवृत्त आहे. पाम बीच मार्गावर सकाळी फिरताना खाडीपलीकडे तुर्भ्याचा (ट्रॉम्बेचा) डोंगर दिसला की १९८५ पासून चालू असलेल्या ध्रुव अणुभट्टीजवळची ती उपकरणे आठवतात. म्हणून त्या बाजूने लिहितो.

प्रतिलोहचुंबक बाहेरून ओळखू येत नाही. त्याचे एकूण चुंबकत्व शून्य असते, लोखंडाचा कीस त्याला चिकटत नाही. न्यूट्रॉनाला विद्युतभार नसला तरी चुंबकीय आघूर्ण असते आणि त्याची तरंगलांबी अणूंमधील अंतराएवढी ठेवता येते, म्हणून तो ही लपलेली मांडणी पाहू शकतो. शल आणि स्मार्ट यांनी १९४९ मध्ये मँगॅनीज ऑक्साइड ८० केल्विनला थंड केले तेव्हा विवर्तनात जादा शिखरे उमटली, जी खोलीच्या तापमानाला नव्हती. शेजारचा आघूर्ण उलटा असल्यामुळे चुंबकीय एकक रासायनिक एककाच्या दुप्पट लांबीचे झाले होते आणि ही शिखरे म्हणजे त्याची खूण होती. प्रतिलोहचुंबकत्वाची कल्पना मांडणारे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ नेएल यांचे चित्र अशा रीतीने डोळ्यांसमोर आले.

क्युप्रेटांकडे याच डोळ्यांनी पाहावे. लँथॅनम-कॉपर ऑक्साइड हा मूळ पदार्थ धातू नाही, विद्युतरोधक आहे आणि खोलीच्या तापमानापेक्षाही किंचित वर, सुमारे ३२५ केल्विनपर्यंत प्रतिलोहचुंबक आहे. त्यात लँथॅनमच्या जागी थोडे स्ट्राँशियम घातले की इलेक्ट्रॉन कमी होतात, म्हणजे छिद्रे निर्माण होतात. सुमारे २ टक्क्यांना चुंबकीय मांडणी मोडते, ५-६ टक्क्यांपासून अतिवाहकता सुरू होते आणि १६ टक्क्यांच्या आसपास ती शिखरावर पोहोचते. विद्यार्थिनीसाठी कळीचा मुद्दा असा की मांडणी मोडली म्हणजे चुंबकत्व संपले असे होत नाही. शेजारच्या स्पिनांनी परस्परविरुद्ध राहावे ही ओढ कायम असते; फक्त ती कोठेही गोठत नाही, सतत चंचल राहते. १९९१ साली यिट्रियमच्या क्युप्रेटमध्ये, म्हणजे आपल्या वडीच्याच पदार्थात, सुमारे ४१ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला न्यूट्रॉनांनी अशा चंचलतेचे ठळक शिखर टिपले आणि ते अतिवाहकता सुरू झाल्यावर बळकट होते.

अशी चंचलता दोन इलेक्ट्रॉनांना जवळ कशी आणेल? बीसीएसमध्ये हे काम स्फटिकजालकाची कंपने करतात आणि इलेक्ट्रॉन जवळजवळ एकाच जागी, थोड्या काळाच्या अंतराने, एकमेकांचा फायदा घेतात. क्युप्रेटमध्ये एकाच तांब्याच्या अणूवर दोन इलेक्ट्रॉन बसणे फार महाग पडते. म्हणून जोडी शेजारच्या अणूंवर पसरते आणि तिचा तरंग एका दिशेला धन तर काटकोनातील दिशेला ऋण चिन्हाचा होतो. हे चिन्हांतर १९९३-९४ च्या प्रयोगांत थेट दिसले. अशी चिन्ह बदलणारी जोडी घडवण्यास प्रतिलोहचुंबकीय चंचलता सोयीची असते.

आणि एक गोष्ट वर्गात जरूर सांगावी. क्युप्रेटमध्ये तांब्याच्या जागी अचुंबकीय जस्त घातले तर अतिवाहकता चुंबकीय निकेल घातल्यापेक्षा अधिक वेगाने घसरते. लँथॅनम-गॅडोलिनियमचा धडा येथे उलटा होतो, कारण जस्त स्पिनांच्या जाळ्यात भोक पाडते.

संगणन_खारघर

दोन्ही प्रतिसाद आवडले, तरी “आई” हा शब्द विद्यार्थिनीपर्यंत जसाच्या तसा जाऊ नये, असे मला वाटते. क्युप्रेटमध्ये जोडीचे आकर्षण स्पिनांच्या चंचलतेतूनच येते, याबद्दल आजही सर्वांचे एकमत नाही. शिवाय चुंबकत्वाचा संबंध नसलेले उच्च तापमानाचे अतिवाहकही आहेत. मॅग्नेशियम डायबोराइड (२००१) ३९ केल्विनला अतिवाहक होते. २०१५ साली जर्मनीतील माइन्झच्या गटाने सुमारे १५० गिगापास्कल दाबाखाली गंधकाच्या हायड्राइडमध्ये २०३ केल्विन गाठले आणि तेथे हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम वापरल्यावर तापमान उतरते, म्हणजे काम कंपनांचेच आहे.

त्याच वेळी चुंबकत्वाच्या बाजूचा पुरावाही वाढत आहे. युरेनियम-जर्मेनियमच्या संयुगात २००० साली दाबाखाली लोहचुंबकत्वाच्या आतच अतिवाहकता सापडली. ऐरोलीकरांनी सांगितलेली सरासरीची सवलत तेथे लागू नाही, म्हणून जोडीतील स्पिन एकाच दिशेचे असावेत असे मानले जाते. युरेनियम डायटेल्युराइडचे (२०१८-१९) उदाहरण तर मला झोपू देत नाही. सुरुवातीच्या नमुन्यांचे क्रांतिक तापमान अवघे १.६ केल्विन होते, म्हणजे १.८६ च्या हिशेबाने ३ टेस्लाला सारे संपायला हवे. प्रत्यक्षात ठरावीक दिशेने क्षेत्र लावल्यास अतिवाहकता ४० टेस्लाच्या वर पुन्हा प्रकट होते. ज्या क्षेत्राला आपण वैरी म्हणतो ते येथे तिला परत बोलावते.

सध्या सर्वाधिक धावपळ निकेलेटांवर, म्हणजे निकेल असलेल्या ऑक्साइडांवर आहे. २०२३ मध्ये लँथॅनम-निकेल ऑक्साइडच्या एका प्रकारात १४ गिगापास्कलच्या वर सुमारे ८० केल्विनला अतिवाहकतेची चिन्हे दिसली आणि नंतर त्याच्या पातळ थरांत नेहमीच्या दाबाखाली ४० केल्विनच्या आसपास ती आढळली. तेथेही दाबापूर्वी स्पिनांची लाटेसारखी मांडणी असते. ती अतिवाहकतेची पूर्वतयारी आहे की केवळ शेजारीण, हे ठरवण्यासाठी आता प्रयोग चालू आहेत.

शिक्षिका_ठाणे

तिघांचेही मनःपूर्वक आभार. जस्त आणि निकेलचे उदाहरण मी उद्याच सांगणार आहे. एक शंका राहिली. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, खोलीच्या तापमानाला अतिवाहक असल्याचा दावा झालेल्या एलके-९९ नावाच्या पदार्थाचा अर्धवट तरंगणारा तुकडा सर्वांनी पाहिला होता आणि नंतर तो अतिवाहक नसल्याचे स्पष्ट झाले. आमची वडीही तरंगतेच. ती खरोखर अतिवाहक आहे, हे वर्गात कसे सिद्ध करावे?

शीतप्रयोग_ऐरोली

ताई, येथे माझ्याकडून आधी राहिलेली एक दुरुस्तीही करतो. आपली वडी क्षेत्र पूर्णपणे बाहेर काढत नाही. निओडिमियम चुंबकाचे क्षेत्र इतके प्रबळ असते की ते भोवऱ्यांच्या रूपाने आत शिरते आणि प्रत्येक भोवऱ्यात क्षेत्राचा ठरलेला एकच वाटा असतो. वडीतील दोष या भोवऱ्यांना जागच्या जागी धरून ठेवतात. म्हणून प्रयोग दोनदा करावा. प्रथम वडी चुंबकापासून दूर थंड करावी आणि मग चुंबक वरून जवळ आणावे. ते दूर ढकलले जाईल. दुसऱ्या वेळी वडी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, तिच्यावर लाकडाची पातळ पट्टी आणि त्यावर चुंबक ठेवावे, मग थंड करून पट्टी सरकवून घ्यावी. चुंबक त्याच उंचीवर अडकून राहील आणि लाकडी चिमट्याने वर उचलल्यास बहुधा वडीही त्याच्यामागे उचलली जाईल. केवळ प्रतिचुंबकीय पदार्थ, उदाहरणार्थ ग्रॅफाइट, चुंबकाला ढकलू शकतो, पण असा ओढून धरू शकत नाही. लोखंडाचा तुकडा ओढू शकतो, पण अंतर राखून नाही. उचललेली वडी उबदार होऊ लागली की साधारण ९० केल्विनच्या वर चुंबकावरची तिची पकड अचानक सुटेल, म्हणून खाली थर्मोकोलचे भांडे ठेवावे.