मदत हवी आहे: हॉलो नाइट या व्हिडिओ गेममधल्या डीपनेस्ट भागाच्या अंधारातून बाहेर कसं पडू?

मँटिस लॉर्ड्स या बॉसना कसंबसं हरवलं आणि त्याच जोशात थेट खाली उतरलो. आता डीपनेस्टमध्ये पार अडकलोय. अंधारात उजेड देणारा लुमाफ्लाय लँटर्न घेतलेलाच नाही. स्लायच्या दुकानात १८०० जिओ (गेममधले पैसे, आपलं सिमवालं नव्हे!) बघून 'नंतर बघू' म्हटलं होतं, ते आता भोवतंय. काही खोल्यांत तर स्वतःचा नाइट (गेममधलं आपलं पात्र) सुद्धा दिसत नाही. उडी मारली की काट्यांवर, थांबलो की जमिनीतून ते वळवळणारे किडे वर. मेलेला किडा पुन्हा उठून पाय फुटल्यासारखा धावत आला तेव्हा मी कंट्रोलरच टाकून दिला, खोटं कशाला बोलू.

गरम पाण्याच्या झऱ्याजवळचा बेंच सापडलाय, सेव्ह तिथलाच आहे. नकाशा नाही, नकाशे विकणाऱ्या कॉर्निफरचं गुणगुणणं एकदा ऐकू आल्यासारखं वाटलं, पण माणूस काही दिसला नाही. मँटिस क्लॉ (भिंतीवर चढायला) आणि डॅश (झपकन पुढे सरकायला) आहेत. जवळ जेमतेम ६०० जिओ, तेही आत्ता माझ्या शेडकडे (मेल्यावर मागे राहणारी सावली), कुठल्यातरी काळ्याकुट्ट खोलीत.

शेडचा नाद सोडून स्लायच्या दुकानासाठी वर डर्टमाउथ गावाला परतू आणि आधी लँटर्न घेऊ, की झऱ्यापासून पुढे रेटता येईल? परतीचा रस्ता साधारण कुठल्या दिशेला आहे एवढंच सांगा. पुढच्या बॉसबद्दल कृपया काही फोडू नका.