मदत हवी आहे: ऑटिझमवरच्या छोट्या संशोधनासाठी पैसे कुठून उभे करायचे?

नमस्कार मंडळी,

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. सायनजवळच्या एका लहानशा ट्रस्टच्या केंद्रात ११ वर्षं काम करतेय. आमच्याकडे मूल येतं तेव्हा बहुधा ४-५ वर्षांचं झालेलं असतं. मधली वर्षं "बोलेल हो, याचे बाबाही उशिराच बोलले" यात गेलेली असतात.

एम-चॅट-आर ही ऑटिझमची शक्यता लवकर ओळखण्यासाठीची, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांच्या पालकांना विचारायची २० प्रश्नांची चाळणी. अंगणवाडी सेविकांनी ती वस्तीतल्या आयांना विचारली तर उत्तरं कितपत नीट मिळतात, हे मला तपासायचंय. "खोटं खोटं खेळतो का?" विचारलं, तर एक आई म्हणाली, "नाही हो, खरंच खेळतो." हसू आलं, पण उत्तर भलत्याच रकान्यात गेलं ना!

खर्च साधारण साडेचार लाख. एका मदतनीस मुलीचं वर्षभराचं मानधन, सेविकांचा भत्ता, प्रवास, छपाई.

आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) अनुदानाचं पाहिलं. खासगी संस्थेला डीएसआयआरची (केंद्राचा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभाग) मान्यता लागते, ती आमच्याकडे नाही. अमेरिकेतल्या सायमन्स फाउंडेशनची 'स्फारी' ही ऑटिझम संशोधन योजना परदेशी संस्थांनाही अनुदान देते, पण आमच्या ट्रस्टची एफसीआरए (परदेशी देणग्या घेण्यासाठीची) नोंदणीच नाही, मग ते पैसे घ्यायचे कसे? दोन कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांना (सामाजिक कामांसाठीचा निधी बघणारे) भेटले. पहिला प्रश्न, "किती मुलं बरी होतील?" मी जरा चिडूनच उत्तर दिलं, तेही नडलं असेल.

(कृपया 'निरामय' सुचवू नका. तो नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारी संस्थेचा १ लाखापर्यंतचा आरोग्यविमा आहे, मुलांच्या उपचारांसाठी. आमच्या बऱ्याच मुलांचा काढलाय.)

आता पालिकेच्या एका मेडिकल कॉलेजातल्या बालरोगतज्ज्ञ मॅडम प्रमुख संशोधक व्हायला तयार आहेत. संशोधनाला मंजुरी देणारी तिथली एथिक्स कमिटीही मिळेल. पण मग पैसे कॉलेजच्या खात्यात जाणार. असं कुणी केलंय का? मदतनीस मुलीचं मानधन महिन्याच्या महिन्याला निघावं म्हणून करारात काय लिहून घेतलंत?

दुसरं, सीएसआरसाठीचा प्रस्ताव कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये (सीएसआरमध्ये बसणाऱ्या कामांची यादी) आरोग्याखाली बसवावा की दिव्यांगांच्या शिक्षणाखाली?

आणि साडेचार लाखांतलं काय कापता येईल तेही सांगा. सेविकांचा भत्ता सोडून.