चिंचोक्यांच्या खेळात सगळे समजूतदार, चार दिवसांनी गावात बोअरची गाडी

परातवाली
नमस्कार मंडळी. मी पारनेर तालुक्यात पाणलोटाच्या कामावर आहे. दरवर्षी रब्बीआधी आम्ही गावाचा पाण्याचा ताळेबंद भिंतीवर रंगवतो. टीसीएममधले (म्हणजे हजार घनमीटरमधले) आकडे कोणी वाचत नाही, बकऱ्या बांधायला मात्र भिंत बरी पडते. म्हणून यंदा मारुतीच्या देवळात खेळ घेतला.

परातीत ५० चिंचोके, हे गावाखालचं पाणी. खेळाडू पाच. हरभरा पेरला तर एक चिंचोका उचलायचा, कांदा लावला तर तीन. पैसे कांद्याला जास्त. पावसाळा झाला की मी पाच चिंचोके परत टाकणार. पहिल्या डावात एकमेकांशी बोलायचं नाही. सगळ्यांनी कांदाच धरला. वर्षाला १५ उपसा, ५ भरणा. पाचव्या वर्षी परातीत १० उरले आणि मागणारे हात पाच, प्रत्येकाला तीन हवेत! दुसऱ्या डावात बोलायची मुभा दिली, तर चहा यायच्या आत नियम ठरला: दरसाल एकानेच कांदा लावायचा, आळीपाळीने. दहा वर्षं खेळलो, ३० चिंचोके शिल्लक. मी तर हवेतच.

चार दिवसांनी त्याच पाचांतल्या एकाच्या वावरात रात्री अकराला बोअरची गाडी. सकाळी विचारलं तर म्हणाले, "ताई, ते चिंचोके होते."

खेळ सोडून देऊ? की माझ्या खेळातच काही चुकतंय?

मांजऱ्या_खडक
ताई, भूजल खात्यात नोकरी करून निवृत्त झालोय, म्हणून स्पष्ट सांगतो. तुमची परात एक आहे, गावाखाली मात्र एक परात नाही. आपल्या बेसाल्टात पाणी झिजलेल्या थरात आणि फटींत असतं. मधे कठीण पाषाण. माळावरच्या बोअरने ओढ्याकाठची विहीर आटेल किंवा अजिबात आटणार नाही, ते फटी कुठे जोडल्यात त्यावर आहे. शेतकऱ्याला हे अनुभवाने ठाऊक असतं, म्हणून तुमची परात त्याला खोटी वाटते. दोन पराती घ्या, वरची आणि खालची. वरचीत दोनापेक्षा जास्त उरले तरच खालचीत एक सरकवा.

आणि ताळेबंद वाचला जात नाही, कारण तो टीसीएममध्ये असतो. कांद्यात सांगा. गाव १,००० हेक्टर, पाऊस ५०० मिमी धरा. पडलं ५,००० टीसीएम. झिजलेल्या बेसाल्टात मुरणारं पाणी सरकारी मूल्यांकनात साधारण ७ टक्के धरतात, म्हणजे ३५०. कांद्याला सगळ्या पाळ्या मिळून अर्धा मीटर पाणी म्हटलं तर हेक्टरी ५ टीसीएम. सगळं मुरलेलं पाणी कांद्यालाच दिलं तरी ७० हेक्टर. माणसं, जनावरं, हरभरा सगळे कोरडे. हे भिंतीवर लिहा.

गावरान_लाल
मी कांदेवाला. ताई, राग मानू नका. दरसाल बरोब्बर पाच चिंचोके पाऊस? असं गाव सापडलं तर कळवा, मी सोयरीक करतो. सारीपाटाचा फासा टाका.

दुसरं, तुमच्या खेळात कर्ज देणारी सोसायटी कुठंय? मार्चअखेर नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं उचलायला, पैसा लागतो. पोरीचं लग्न निघतं. त्या वर्षी माझी पाळी हरभऱ्याची असली तर मी काय करू? रात्री गाडी आणणारा माणूस हावरटच असतो असं नाही, भ्यालेला पण असतो. शेजाऱ्याने आधी मारली तर आपलं पाणी गेलं, ही भीती. आणि जमिनीखालचं पाणी सांगणारा पाणाड्या घ्या खेळात. नारळ हातावर उभा राहिला की तुमचे ५० चिंचोके कोण विचारतंय!

ओढ्याकाठी
खेळ सोडू नका. आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी आणि इफ्प्री (आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्था) या संस्थांनी जवळजवळ असाच खेळ गावोगाव घेतला होता. पुरुषांचे गट वेगळे, बायकांचे वेगळे, आधी न बोलता आणि मग बोलून. खेळ झालेल्या गावांत नंतर पाण्याची नोंदवही आणि उपशाचे नियम जास्त आढळले. पण खेळानंतर पूर्ण गावाची बैठक व्हायची, ती महत्त्वाची. तुम्ही टाळ्या झाल्यावर घरी गेलात, असं वाचताना वाटलं.

भूतानमध्ये लिंगमुतेचू खोऱ्यात लिंबूखा वरचं गाव, डोम्पोला खालचं. भाताच्या पाण्यावरून जुनं भांडण. तिथे खेळात गावांची अदलाबदल केली, वरच्यांना खालचं करून बसवलं. तुमच्याकडे कोण कोणाच्या जागी बसलं होतं? सगळे स्वतःच्याच?

परातवाली
ओढ्याकाठी, लागलं. खरंच घरी गेले होते, शेवटची एसटी होती.

पुन्हा खेळ घेतला. दोन पराती, फासा, चिठ्ठ्या टाकून भूमिका. एकाच्या चिठ्ठीत "मार्चअखेर कर्ज". पाणाड्या म्हणून बचत गटाच्या अध्यक्षबाई, नारळासकट. तीन बोअर असलेल्या अण्णांना खालच्या परातीवर बसवलं. फासा दोनदा एक पडला. तिसऱ्या वर्षी अण्णा म्हणाले, "माझ्या परातीत काही येतच नाही, मी खेळू कशाला?" ओढ्याकडच्या एक काकू ग्रामसभेत कधी तोंड उघडत नाहीत. त्या म्हणाल्या, "आता कसं." एवढंच. मग बराच वेळ कोणी चिंचोका उचलेना.

अण्णांनी बोअर बंद केलं नाही. मात्र नवी गाडी आणण्याआधी ग्रामपंचायतीत सांगायचं आणि सहा विहिरींची पातळी दर अमावस्येला मोजायची, असं बैठकीत ठरलं. टेप अण्णांकडे आहे. पाहू.

एक छोटी अडचण. खेळ झाल्यावर पोरांनी वरची परात भाजून खाल्ली. चिंचोक्यांऐवजी काय वापरू?

गावरान_लाल
करंजाच्या बिया घ्या. कडू असतात, कोणी हात लावत नाही.