एमआरआय नॉर्मल, मग डोळ्यासमोरचा डाग कशाचा?
वर ज्यांनी लिहिलंय की एका डोळ्यात बाजूचं दिसेनासं झालंय, चमकल्यासारखं होतं, पण डॉक्टर म्हणतात डोळ्याचा पडदा (रेटिना) ठीक आहे आणि एमआरआयपण क्लीन, त्यांनी अझूर (AZOOR) या आजाराचं नाव एकदा डॉक्टरांसमोर काढून बघा. पूर्ण नाव अक्यूट झोनल ऑकल्ट आउटर रेटिनोपॅथी, डोनाल्ड गास या नेत्रतज्ज्ञांनी 1993 मध्ये वर्णन केलेलं. ऑकल्ट म्हणजे लपलेलं, आणि तीच तर गोची आहे, कारण बिघाड पडद्याच्या बाहेरच्या थरातल्या फोटोरिसेप्टर म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पेशींमध्ये असतो आणि नुसतं आत बघून सुरुवातीला काहीच दिसत नाही, मग संशय जातो डोळ्याच्या नसेवर नाहीतर चक्क पेशंटच्या मनावर (हे ऐकून घेणं फार वैतागवाणं असतं). जास्त करून तरुण बायकांमध्ये आढळतं, बऱ्याच जणींना मायनस नंबर असतो.

फिल्ड टेस्ट (नजरेचा किती भाग दिसतो ते तपासणारी) झाली असेलच, पण ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन), ऑटोफ्लुरोसन्स (पडद्याच्या स्वतःच्या चमकेचा फोटो) आणि मुख्य म्हणजे ईआरजी झालंय का ते विचारा. ईआरजीत पडद्याचा विद्युत प्रतिसाद मोजतात, तिथे चोरी पकडली जाते. उपचाराचं मात्र ठाम असं काही नाही, स्टिरॉइड देतात पण उपयोग होतोच असं नाही. बऱ्याचदा काही महिन्यांत डाग वाढायचा थांबतो.