जुना खून घरच्यांनी उकरून काढावा की नाही? तुमचं मत काय

म्हादईकाठ
चवथीला सगळे मूळ घरी जमलो होतो आणि तिथे ह्या विषयावरून जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही, म्हणून इथे टाकतोय. माझा मावसभाऊ त्याच्या बाबांच्या खुनाचा तपास स्वतः करतोय. प्रकरण नव्वदच्या दशकातलं, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं. काजूचा हंगाम होता, काका रात्री भट्टीवरून घरी यायला निघाले आणि सकाळी ओहोळाच्या काठावर सापडले, डोक्याला मागून मार, गळ्यातली चेन गायब. पोलिसांनी वाड्यावरच्या दोघा-तिघांना नेलं, सोडलं, आणि काही काळाने फाईल 'अनट्रेस्ड' म्हणून बंद. मावशी त्यानंतर कोर्टाची पायरी चढली नाही, मुलं लहान होती, कुळागर बघायला माणूस नव्हता.

आता हा पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून 'गोमन्तक', 'नवप्रभा'चे जुने अंक चाळतो, त्यावेळच्या हवालदाराला शोधून भेटून आला, वाड्यावरच्या म्हाताऱ्यांकडे जाऊन मोबाईलवर रेकॉर्डिंग करतो. घरातली मोठी माणसं म्हणतात गेलेला माणूस परत येणार नाही, कशाला वैर विकत घेतोस. माझं मत सरळ आहे, तो करतोय ते बरोबर. सरकारच्या लेखी ती एक बंद फाईल आहे, त्याच्या लेखी बाप आहे, त्याने नाही करायचं तर कोणी करायचं?

तिस्कावरचा
शंभर टक्के बरोबर. आणि वैर विकत घेतोस म्हणणाऱ्यांना शिरोड्याचा दुपट्टा किलर आठवत नाही का? महानंद नाईक 2009 ला पकडला गेला, सोळा बायकांच्या खुनाचा आरोप, पहिला 1994 सालचा. पंधरा वर्षं तो आपल्यातच फिरत होता. का? तर कित्येक घरांनी पोरगी पळून गेली असेल म्हणून लाजेने तोंड उघडलं नाही, आणि कुठेतरी बेवारस सापडलेलं प्रेत वेगळ्या फाईलला पडून राहिलं. दोन फाईली एकमेकींशेजारी ठेवून बघायला कोणी नव्हतं. एखाद्या भावाने तेव्हाच गावागावात जाऊन विचारलं असतं तर पुढच्या काही जणी वाचल्या असत्या असं मला तरी वाटतं.

उसगावची सून
पण त्या सोळापैकी शिक्षा कितींत झाली ते पण सांगा की. मोजक्याच. बाकी बहुतेकांत पुरावा टिकला नाही म्हणून सुटला. म्हणजे कोणी केलं हे सगळ्या गोव्याला माहीत असून कोर्टात ते उभं राहिलं नाही. मग तुमच्या भावाच्या रेकॉर्डिंगचं काय होणार ते ओळखा. माझं मत विरोधात. घरच्या माणसाने आपणहून दारोदार जाऊ नये, त्याच्या डोक्यात एक नाव आधीच बसलेलं असतं आणि मग तो प्रश्नच असे विचारतो की ते नाव बाहेर यावं.

म्हादईकाठ
नाव बसलेलं आहे हे खरं आहे. लपवत नाही. पण ते नाव त्याने शोधलं नाही, पहिल्यापासून सगळा वाडा तेच नाव घेतो.

नाव नको
हेच. 'सगळा वाडा'. मी मुद्दाम वेगळ्या आयडीने लिहितोय. आमच्या गावात असाच एक जुना मर्डर आहे आणि तिथे वाडा ज्याचं नाव घेतो तो माझा बाप. पोलिसांनी एक रात्र बसवून घेतला होता, काही सापडलं नाही, सोडला, आरोपपत्रात नाव नाही, काही नाही. तरी माझ्या बहिणीचं लग्न दोनदा मोडलं, आमच्या पसऱ्यावर, म्हणजे दुकानावर, त्या वाड्यावरची माणसं चढत नाहीत. मेलेल्याच्या मुलाला बाप आहे तसा मलाही आहे. तुमचा मावसभाऊ मोबाईल घेऊन म्हाताऱ्यांना विचारत फिरतो तेव्हा तो तपास करत नसतो, तो एका घराची बदनामी परत एकदा ताजी करत असतो. बदनामीचा कायदा आहे म्हणा, पण कुजबुजीवर कोण केस घालणार.

तिस्कावरचा
तुमचं दुःख समजतं पात्रांव, पण मग खरा खुनी सापडला तर सगळ्यात जास्त फायदा तुमच्याच बाबांचा नाही का? तुम्ही तर त्या पोराला मदत करायला पाहिजे.

नाव नको
बोलायला सोपं आहे.

जुना कोर्टपक्षी
कोर्टात कारकुनीत आयुष्य गेलं म्हणून दोन गोष्टी लिहितो, वकील नाही. इथे दोन वेगळ्या कामांची सरमिसळ होतेय. कागद मागणं हे एक काम. साक्षीदारांना भेटणं हे दुसरं. पहिलं घरच्यांनी करायलाच पाहिजे, दुसऱ्यात पन्नास धोके.

आधी दुसऱ्याबद्दल. समजा कोणी म्हातारी म्हणाली की त्या रात्री मी एकाला ओहोळाकडून धावताना बघितलं. ह्याने उत्साहात मोबाईलवर फोटो दाखवला, हाच का गो आजी? ती म्हणाली हाच. झालं, वाट लागली. उद्या पोलिसांनी ओळखपरेड घेतली तर बचावाचा वकील पहिलाच प्रश्न विचारणार की तुला आधी फोटो कोणी दाखवला, आणि त्या ओळखपरेडला काडीची किंमत राहणार नाही. रेकॉर्डिंगचंही तेच. नव्या साक्ष अधिनियमात कलम 63 खाली प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू (फाईल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) आणि तज्ज्ञाची सही, आणि मूळ फोन जपून ठेवला तर बरं. व्हॉट्सअॅपवर चार मावसभावांना फॉरवर्ड करून फोन एक्स्चेंजमध्ये दिला की बसा बोंबलत.

आता कागद. खुनाला मुदत नसते, तीस वर्षांनीही खटला भरता येतो. फाईल बंद झाली म्हणजे दरवाजा बंद असंही नाही, नवीन काही मिळालं तर पुढचा तपास करता येतो, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत 173 (8) होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत 193 (9). आणि एक प्रश्न म्हादईकाठ तुम्हाला, मूळ फिर्याद कोणी दिली होती? घरच्यांपैकी कोणी की दुसऱ्याने?

उसगावची सून
बघा, मी पण तेच म्हणतेय, जाणाऱ्याने योग्य दारात जावं.

तिस्कावरचा
योग्य दार हे पुस्तकात. 2008 ची हणजूणची केस घ्या. ब्रिटिश मुलगी, वय पंधरा, किनाऱ्यावर सापडली, आपल्या पोलिसांनी बुडून मेली म्हणून सांगितलं. आईने मानलं नाही, तीच शरीरावरच्या जखमांबद्दल बोलत राहिली, पत्रकारांना गोळा केलं, दुसरी शवचिकित्सा झाली तेव्हा कुठे खुनाचा गुन्हा नोंद झाला, मग सीबीआय. ती बाई योग्य दारात अर्ज देऊन गप्प बसली असती तर आज ती केस अपघाती मृत्यू म्हणून वहीत असती. तेव्हा आपल्याकडे तिलाच किती शिव्या घातल्या ते विसरू नका, पोरीला सोडून फिरायला गेली म्हणून.

उसगावची सून
आणि पुढे? 2016 ला बाल न्यायालयात दोघेही निर्दोष. मुख्य साक्षीदार परदेशी, तो साक्षीला आलाच नाही. 2019 ला हायकोर्टाने एकाला दोषी धरलं, दहा वर्षं शिक्षा. अकरा वर्षं गेली त्या आईची. आणि तिने दबाव आणला हे खरं, पण स्वतः साक्षीदार पढवले नाहीत. डॉक्टरांनी परत तपासावं, दुसऱ्या यंत्रणेने बघावं हीच मागणी होती. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने जातं.

दाभोलकरांचंही तसंच. 2013 चा खून, घरच्यांनी हायकोर्टात जाऊन तपासावर कोर्टाची देखरेख मागितली, ती मिळाली, निकाल 2024 ला. दोघांना जन्मठेप, तिघे सुटले. घरच्यांनी चिकाटी धरली, पण ती कोर्टामार्फत.

तिस्कावरचा
दाभोलकरांच्या मागे अख्खा महाराष्ट्र होता हो. सत्तरीतल्या काजूवाल्याच्या मागे कोण? त्याच्यासाठी हायकोर्ट देखरेख ठेवणार? पर्वरीला हायकोर्टात नुसता वकील उभा करायचा तर काय खर्च येतो माहीत आहे का. हा माणूस दारोदार फिरतो कारण तेवढंच त्याला परवडतं.

*(ह्यावर तिस्कावरच्याला सगळ्यात जास्त लाईक पडलेत, आणि खरं सांगायचं तर ह्याचं उत्तर माझ्याकडेही नाही. – म्हादईकाठ)*

म्हादईकाठ
कोर्टपक्षी काका, आत्ता मावशीला फोन करून विचारलं. फिर्याद भट्टीवरच्या कामगाराने दिली होती, त्यालाच प्रेत दिसलं. तो घाटावरचा होता, नंतर निघून गेला. का विचारलं?

जुना कोर्टपक्षी
तोच कळीचा मुद्दा. पोलीस फाईल बंद करायचा अहवाल देतात तेव्हा तो मान्य करायच्या आधी मॅजिस्ट्रेटने फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, सुप्रीम कोर्टाचा 1985 चा भगवंत सिंग निकाल आहे. पण नोटीस फिर्यादीला. मयताचे नातेवाईक फिर्यादी नसतील तर त्यांना नोटिशीचा हक्क नाही, स्वतःहून हजर राहिले तर मात्र त्यांचं ऐकून घ्यावं लागतं. म्हणजे तुमच्या मावशीला कोणी कळवलंच नसणार, नोटीस गेली असेल तर त्या कामगाराच्या नावाने, आणि तो गोव्यात नाही. तुमच्या घरच्यांचं म्हणणं कोणी ऐकलेलंच नाही हे कोर्टापुढे मांडता येतं, मोबाईलमधल्या दहा रेकॉर्डिंगपेक्षा ते वजनदार.

आधी मॅजिस्ट्रेट कोर्टात अहवालाची आणि त्यावरच्या आदेशाची नक्कल मागा. पोलीस स्टेशनला आरटीआय टाका. ते 8 (1)(h) दाखवून तपासात अडथळा येईल म्हणतील, तेव्हा 8 (3) दाखवा, वीस वर्षांहून जुन्या गोष्टीला ती पळवाट चालत नाही. मुद्देमाल काय जप्त केला होता, तो मालखान्यात आहे की नष्ट केला, शवचिकित्सेचा अहवाल गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) आहे का, हे एकेक वेगळं विचारा, मोघम विचारलं की मोघम उत्तर येतं. रेकॉर्ड नष्ट झालंय म्हणाले तर नष्ट केल्याची नोंद मागा. आणि उशीर करू नका, जुने कागद वाळवी खाते आणि जुने साक्षीदार मरतात.

नाव नको
ह्या 8 (3) ने जबान्याही बाहेर येणार का? कोणी कोणाचं नाव घेतलं ते?

जुना कोर्टपक्षी
येऊ शकतात. खबऱ्यांच्या सुरक्षेचं जे कलम आहे, 8 (1)(g), तेही वीस वर्षांनंतर गळतं. कायदा असा आहे, मला आवडतो असं म्हणत नाही.

उसगावची सून
म्हणजे ज्या म्हातारीने तेव्हा पोलिसांना विश्वासाने सांगितलं तिचं नाव आता वाड्यावर फिरणार. छान.

तिस्कावरचा
फिरू दे की. खोटं बोलली नसेल तर घाबरायचं काय.

उसगावची सून
तुम्ही तिस्कावर राहता, ती त्या वाड्यावर राहते. संध्याकाळी दिवे गेले की तिचा शेजारी कोण ते तिला माहीत आहे.

म्हादईकाठ
नकलेचा अर्ज सोमवारी टाकतोय, माझ्याच ओळखीचा वकील आहे, फी नंतर बघू म्हणाला. आरटीआय मावशीच्या नावाने. फोटो दाखवायचं बंद कर, साक्षीदारांकडे जाऊ नको हे सगळं मी भावाला वाचून दाखवलं. फोटोचं पटलं त्याला. जायचं काही थांबवत नाही म्हणाला, म्हातारी माणसं आहेत, तुमच्या कोर्टाची तारीख लागेपर्यंत कोण उरणार. परवा एकाकडे जाणार आहे, भट्टीच्या मालकाचा भाऊ.

नाव नको
त्या माणसाचा मुलगा घरी असेल तेव्हा जाऊ नका म्हणावं त्याला. मोबाईल खिशात ठेवून जा.

तिस्कावरचा
मोबाईल खिशात ठेवून काय उपयोग, रेकॉर्ड कसं होणार?

नाव नको
तेच सांगतोय.